बफरमधील गावाने बाहेरच्या संस्थेशी करार करण्यापूर्वी काय पाहावे?

प्रश्न : बफरगावकर, चिमूर तालुका

सर्व सदस्यांना नमस्कार. आमचे गाव ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या बफर क्षेत्रात, म्हणजे गाभा जंगलाभोवतीच्या माणसे राहतात त्या पट्ट्यात आहे. घरे साधारण दीडशे. मी धान आणि हरभऱ्याची शेती करतो आणि दोन वर्षांपासून गावाच्या ग्राम परिस्थितिकीय विकास समितीचा सदस्य आहे. एका विषयावर जाणकारांचा सल्ला हवा आहे, कारण 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपर्यंत आम्हाला निर्णय घ्यायचा आहे.

गेल्या महिन्यात एका शहरी संस्थेचे दोन प्रतिनिधी गावात येऊन गेले. एका मोठ्या कंपनीच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीतून आमच्या गावासाठी तीन वर्षांचा प्रकल्प राबवण्याची त्यांची तयारी आहे. महिलांना शिवणकाम आणि अगरबत्तीचे प्रशिक्षण, चार घरांना पर्यटकांच्या मुक्कामासाठी खोल्या बांधण्यास मदत, तीस शेतकऱ्यांना सौर कुंपण आणि शाळेत निसर्गशिक्षणाचे तास असे त्याचे स्वरूप आहे. त्या बदल्यात समितीचा ठराव, प्रत्येक घराची माहिती गोळा करण्याची मुभा, छायाचित्रे वापरण्याची परवानगी आणि गावाच्या वेशीवर कंपनीच्या नावाचा फलक एवढे त्यांना हवे आहे. दोघेही मनापासून बोलत होते. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही आणि तसा माझा आरोपही नाही.

तरीही मन स्वस्थ नाही. सात वर्षांपूर्वी आणखी एका संस्थेने गावाला वीस शिवणयंत्रे दिली होती. प्रशिक्षण झाले, प्रमाणपत्रे वाटली गेली, छायाचित्रे निघाली; पण शिवलेले कपडे कोण विकत घेणार, याचा विचार कोणीच केला नव्हता, आम्हीही नाही. त्यांतली बारा यंत्रे आजही समाजमंदिराच्या मागच्या खोलीत धूळ खात पडली आहेत.

दुसरी गोष्ट अधिक जिव्हारी लागणारी आहे. मागच्या एप्रिलमध्ये माझी चुलत काकू पहाटे मोहफुले वेचायला गेली असताना वाघाच्या हल्ल्यात गेली. तिच्या घरात ना कोणी गाइड आहे, ना कोणाची सफारीची जिप्सी आहे, ना पर्यटकांना द्यायला जादा खोली आहे. आता आलेल्या प्रस्तावात मोहफुले वेचणाऱ्या बाया, गुराखी आणि सरपणाला जाणारी माणसे यांच्यासाठी एकही ओळ नाही. बैठकीत पर्यटनाशी जोडलेली तरुण मुले होकाराच्या बाजूने बोलली आणि गुराखी मंडळी मागे भिंतीला टेकून शेवटपर्यंत गप्प बसली. ते गप्प बसणेच मला अधिक बोलके वाटते.

म्हणून विचारतो. असा करार समितीने करायचा असतो की ग्रामसभेने? सही करण्यापूर्वी कोणते प्रश्न विचारले पाहिजेत? आणि ज्यांना वाघाची झळ सर्वांत जास्त बसते त्यांच्यापर्यंत हा निधी पोहोचावा, अशी अट घालण्याचा अधिकार गावाला आहे का, की आलेली मदत आहे तशी घ्यायची किंवा नाकारायची एवढेच आमच्या हातात आहे?


उत्तर : निवृत्त वनाधिकारी, नागपूर

आपल्या काकूंच्या निधनाबद्दल वाचून फार वाईट वाटले. मी वनखात्यात तीस वर्षांहून अधिक काळ काढला आणि त्यातली बरीच वर्षे विदर्भातील व्याघ्र प्रकल्पांत गेली, त्यामुळे आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर देतो.

आपल्या गावात एकाच वेळी तीन व्यवस्था आहेत आणि त्यांची सरमिसळ होते. एक ग्रामपंचायतीची ग्रामसभा. दुसरी आपण ज्या समितीचे सदस्य आहात ती ग्राम परिस्थितिकीय विकास समिती. तिचा सचिव वनविभागाचा कर्मचारी असतो आणि बँक खाते अध्यक्ष व सचिव यांच्या संयुक्त सहीने चालते. तिसरी, सामूहिक वनहक्क (गावालगतच्या जंगलावरचे साऱ्या गावाचे एकत्रित हक्क) मिळाले असतील तर, 2006 च्या वनहक्क कायद्याखाली ग्रामसभेने स्वतः नेमलेली वनव्यवस्थापन समिती. बाहेरच्या संस्थांना दुसरी समिती सोयीची वाटते, कारण ती आधीच नोंदलेली असते, तिचे खाते तयार असते आणि वनविभागाशी वेगळा पत्रव्यवहार करावा लागत नाही. मी स्वतः नोकरीत असताना अनेक प्रकल्प याच वाटेने मार्गी लावले. काम लवकर होई, पण गावाला तो प्रकल्प साहेबांचा वाटे आणि साहेबांची बदली झाली की त्याचा कोणी वाली उरत नसे. ही माझी चूक होती आणि ती मला फार उशिरा कळली. समितीने ठराव जरूर करावा, परंतु त्याआधी पूर्ण मसुदा मराठीत ग्रामसभेपुढे मोठ्याने वाचला जावा आणि संस्था, समिती व ग्रामसभा अशा तिघांच्या सह्या त्यावर असाव्यात.

अट घालण्याच्या अधिकाराबद्दल. गावाला मिळणारी मदत म्हणजे उपकार, ही समजूत आपण सर्वांनी मनातून काढून टाकली पाहिजे. ताडोबाचे गाभा क्षेत्र सुमारे 625 चौरस किलोमीटर आहे आणि त्याभोवतीचे, 2010 मध्ये जाहीर झालेले बफर क्षेत्र सुमारे 1,100 चौरस किलोमीटर. म्हणजे वाघाच्या संरक्षणासाठी जेवढी जागा मोकळी ठेवली, त्याच्या पावणेदोन पट जागेत माणसे वाघाबरोबर राहत आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2006 मध्ये जी दुरुस्ती झाली, तिने बफर क्षेत्राचा उद्देशच वन्यजीव आणि माणूस यांचे सहजीवन असा सांगितला आहे आणि तेथे स्थानिक लोकांचे उपजीविकेचे, विकासाचे, सामाजिक व सांस्कृतिक हक्क मान्य केले आहेत. त्याच दुरुस्तीने प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठान स्थापन करण्याची तरतूद केली. पर्यटकांचे प्रवेशशुल्क आणि बाहेरून आलेल्या देणग्या तिजोरीत न जाता त्याच परिसरात वापरल्या जाव्यात, हा त्यामागचा विचार होता. कंपनी, संस्था, प्रतिष्ठान हे सर्व या व्यवस्थेतले भागीदार आहेत. वाघाचा भार जो उचलतो तोही भागीदारच असतो आणि भागीदाराला अटी घालता येतात.

एक सावधगिरी मात्र बाळगा. शासनाची जबाबदारी संस्थेच्या अंगावर टाकू नका आणि संस्थेलाही ती स्वतःकडे घेऊ देऊ नका. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास राज्य शासनाची मदत आज 25 लाख रुपये आहे, त्यातील काही रक्कम लगेच आणि उरलेली मुदत ठेवींच्या रूपात मिळते. पाळीव जनावर मारले गेल्यास 48 तासांच्या आत वन कर्मचाऱ्याला कळवणे आणि पंचनामा होईपर्यंत मृत जनावर जागेवरून न हलवणे आवश्यक असते. हे देणे शासनाचे आहे. संस्थेचा उपयोग येथे वेगळा होऊ शकतो. उत्तराखंडात कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात द कॉर्बेट फाउंडेशन आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया यांनी अशी योजना चालवली, की वाघाने किंवा बिबट्याने गुरे मारल्यावर शासकीय रक्कम येईपर्यंत मालकाला तातडीची थोडी मदत मिळावी. रक्कम मोठी नसते. पण ती राग शांत होण्याच्या आत हातात पडते, म्हणून मृत जनावरावर विष टाकण्याची वेळ येत नाही. आपल्या गुराख्यांसाठी अशी योजना करारात मागता येईल.


उत्तर : क्षेत्रकार्यकर्ती, चंद्रपूर

मी अकरा वर्षे वेगवेगळ्या संस्थांसाठी चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील गावांत काम केले आहे. दादा, तुमच्या समाजमंदिरातली ती बारा यंत्रे मी पाहिलेली नाहीत, पण तशा खोल्या मी अनेक गावांत पाहिल्या आहेत. असे का घडते, हे संस्थेच्या आतल्या बाजूने सांगते.

कंपनी कायदा 2013 प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, आणि वन्यजीवांचे संरक्षण त्या कामांच्या यादीत आहे. हिशेब आर्थिक वर्षाचा असतो. जानेवारी उजाडला की संस्थेच्या कार्यालयात 31 मार्चची घाई सुरू होते, आणि घाईत जी गोष्ट पावतीसह लगेच घेता येते ती म्हणजे यंत्र, खांब, पत्रा, फलक. गुराख्यांबरोबर सहा महिने बसून चराईचे नियम ठरवणे, बायांबरोबर फिरून कोणत्या झाडाखाली कधी जायचे याचा नकाशा करणे, या कामांची पावती मिळत नाही. म्हणून तुमचा पहिला प्रश्न असा असू द्या : हा प्रकल्प कंपनीने ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर केला आहे का? 2021 पासून लागू असलेल्या नियमांनुसार, तसा मंजूर असेल तर वर्षअखेर उरलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून पुढील तीन आर्थिक वर्षांत वापरता येते. मग मार्चमध्ये घाईने खरेदी करण्याचे कारण उरत नाही. प्रकल्प दरवर्षी नव्याने मंजूर होणार असेल, तर तीन वर्षांचे आश्वासन प्रत्यक्षात एका वर्षाचेच आहे, हे ग्रामसभेला आधी कळले पाहिजे.

परदेशी निधीचा प्रश्न याहून निराळा आहे. सातपुड्याच्या पट्ट्यात 2004 पासून ब्रिटनमधील बॉर्न फ्री फाउंडेशनने वाघांसाठी काम करणाऱ्या स्थानिक संस्थांचे एक जाळे उभे केले. पैसा बाहेरचा होता, पण गावात जाणारी माणसे सातपुडा फाउंडेशन किंवा चंद्रपूरच्या ट्रॅक्टसारख्या इथल्याच संस्थांची होती, आणि मला ती पद्धत आजही योग्य वाटते. सप्टेंबर 2020 मध्ये परदेशी देणगीच्या कायद्यात बदल झाला. तेव्हापासून एका भारतीय संस्थेला आपल्याकडे आलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही आणि कार्यालयीन खर्चाची मर्यादाही 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली. शहरातल्या मोठ्या संस्थेने निधी आणायचा आणि तालुक्याच्या लहान संस्थेने तो राबवायचा, हा मार्ग त्यामुळे बंद झाला. ज्या लहान संस्थांची परदेशी निधीसाठी स्वतःची नोंदणी नव्हती त्यांचे हात बांधले गेले. तुमच्याकडे येणारा निधी देशी असला, तरी प्रकल्पासाठी गावात राहणारा कार्यकर्ता कोण, त्याचा पगार किती महिन्यांचा आणि तो आपल्या भागातला आहे का, हे जरूर विचारा.

आता ज्या गोष्टीमुळे मी लिहायला बसले ती सांगते. वाघाच्या भागात बायांचा जीव सरपणासाठी आणि मोहफुलांसाठी जातो, हे सर्वांना माहीत आहे. राज्य शासनाच्या 2015 च्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून बफरमधील घरांना सवलतीत गॅस मिळाला, आणि आम्हा सर्वांना वाटले की जंगलात जाणे आता थांबेल. ते कमी झाले, थांबले नाही. वाइल्डलाइफ कॉन्झर्वेशन ट्रस्टच्या लोकांनी ताडोबा परिसरातील गावांत घराघरांत जाऊन पाहिले, तेव्हा त्यामागचे कारण समोर आले. गॅस भात-वरणासाठी वापरला जात होता, पण आंघोळीचे पाणी अजूनही चुलीवर तापत होते, कारण एवढ्या मोठ्या भांड्यासाठी सिलिंडर जाळणे कोणालाच परवडत नाही. हिवाळ्यात घरातले निम्मे-अधिक लाकूड पाण्यासाठीच जाते, हे इथल्या कोणत्याही बाईने पहिल्याच दिवशी सांगितले असते. मग त्यांनी घरोघरी सुधारित बंब दिले. त्यात थोड्या काटक्या, तुराट्या, गोवऱ्या घातल्या तरी पाणी तापते आणि दूरवरून मोळी आणावी लागत नाही. मला या उदाहरणाचे मोल फार वाटते, कारण इथे वस्तू देण्याच्या आधी कोणीतरी बाईजवळ बसून तिची सकाळ कशी जाते हे विचारले होते. तुमच्याकडे आलेल्या संस्थेने शिवणकाम आणि अगरबत्ती कोणाला विचारून ठरवले, हे तुम्ही विचाराच.

मोहफुलांसाठीही करण्यासारखे पुष्कळ आहे. हल्ले पहाटे होतात, कारण फुले पहाटे गळतात आणि डुकरे व हरणे खाऊन टाकतील म्हणून बाया अंधारातच निघतात. वाकून वेचणारी बाई वाघाला माणूस म्हणून ओळखू येत नाही. झाडाखाली जाळी बांधली तर फुले जमिनीवर पडत नाहीत, उजाडल्यावर चौघींनी मिळून जाऊन ती उचलता येतात, आणि फुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची गरज राहत नाही. मोहाच्या दिवसांतले बरेच वणवे याच पाचोळ्याच्या आगीतून पसरतात, हे तुम्हाला मी वेगळे सांगायला नको. चार खोल्या बांधण्यापेक्षा जाळ्यांचा खर्च कितीतरी कमी येईल.

अगरबत्तीला माझा विरोध नाही. काड्या आणि लगदा आणून देणारा आणि माल उचलणारा खरेदीदार एकच असेल, तर त्याने हात काढताच काम बंद पडते. त्यामुळे खरेदीची लेखी हमी किती वर्षांची, हे पाहा. छायाचित्रांविषयी एक अट माझ्या आग्रहाखातर घाला : वाघाच्या हल्ल्यात ज्या घरातले माणूस गेले आहे, त्या घराचे छायाचित्र त्यांच्या लेखी संमतीशिवाय कोणत्याही अहवालात जाणार नाही. मी असे अहवाल पाहिले आहेत, आणि त्या घरातल्या लोकांना ते कधीच दाखवले गेले नव्हते.


उत्तर : परतवाड्याचा सदस्य

वरील दोन्ही उत्तरांचा मी आदर करतो, पण मूळ प्रश्न हक्काचा आहे आणि तो दोघांनीही ओझरता सोडला, असे मला वाटते. तुमच्या गावाला सामूहिक वनहक्काचा दावा मान्य होऊन मिळाला आहे का? नसेल, तर संस्थेकडे पहिली मागणी ही करा की दाव्याचे पुरावे गोळा करण्यासाठी, नकाशासाठी आणि उपविभागीय व जिल्हा समितीकडे पाठपुरावा करण्यासाठी मदत द्या. शिवणयंत्र गंजते, पण हक्काचा कागद संस्था गेल्यावरही गावाकडे राहतो.

आमच्याकडचे उदाहरण मेळघाटच्या पायथ्याशी असलेल्या पायविहीर गावाचे आहे. मेळघाट हा 1973-74 मध्ये देशात जाहीर झालेल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, आणि पायविहीरच्या वाट्याला त्याच्या कडेचे उजाड, झाडे तुटलेले रान आले होते. 2012 मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाले. परतवाड्याची खोज ही संस्था गावाबरोबर होती, पण तिने गावाच्या वतीने रान चालवायला घेतले नाही. तिने आराखडा लिहायला मदत केली आणि रोजगार हमीसारख्या शासकीय योजनांचा पैसा त्या आराखड्यामागे उभा करण्याची वाट दाखवली. लोकांनी झाडे लावली, रानाची राखण केली, आणि काही वर्षांत तिथली सीताफळे ‘नॅचरल्स मेळघाट’ या नावाने मुंबईच्या बाजारात गेली. 2014 मध्ये या गावाला जैवविविधतेचा राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कारही मिळाला. पुरस्कारापेक्षा मला ही गोष्ट मोठी वाटते की सीताफळाचा भाव ठरवताना ग्रामसभा बसत होती.

निवृत्त वनाधिकारी साहेबांना माझी एक विनंती आहे. आपण तिघांच्या सह्या सुचवल्या, परंतु वनहक्क कायद्याच्या कलम 5 प्रमाणे वन, वन्यजीव आणि जैवविविधता यांचे रक्षण करण्याचा अधिकार हक्कधारक आणि ग्रामसभा यांना थेट दिलेला आहे. मग हक्क मिळालेल्या गावात निधी वनविभागाच्या सचिवाच्या सहीने चालणाऱ्या खात्यात का जावा? ग्रामसभेने नेमलेल्या समितीच्या खात्यात तो गेला आणि वनविभागाला हिशेबाची प्रत मिळाली, तर पुरेसे नाही का? गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये हक्क मिळाले आणि 2011 पासून ते स्वतःचा बांबू स्वतः विकू लागले. ते गाव अभयारण्यात नाही, हे मला मान्य आहे, परंतु तिथला एक नियम कुठेही लागू पडतो : निर्णय सर्वसहमतीने होतो आणि त्याआधी अभ्यासगट बसतो. तुमच्या बैठकीत मागे भिंतीला टेकून बसलेल्या गुराख्यांचे मत कळण्यासाठी अशीच लहान बैठक लागेल. भरसभेत हात वर करायला सांगितले, तर ते पुन्हा गप्पच राहतील.


उत्तर : निवृत्त वनाधिकारी, नागपूर

परतवाड्याच्या मित्रांचा मुद्दा मान्य. जेथे सामूहिक हक्क मिळाले आहेत तेथे निधी ग्रामसभेच्या खात्यात जाणे अधिक योग्य, आणि माझी सूचना मी त्या मर्यादेपर्यंत मागे घेतो. फक्त एवढेच सांगतो, की सौर कुंपण, रात्रीची गस्त आणि प्राथमिक कृती दल (वाघ गावाजवळ आल्यास गर्दी आवरणारे गावातले पथक) ही कामे वनविभागाशी रोजचा संबंध ठेवल्याशिवाय होत नाहीत. कुंपणाच्या बाबतीत तर मी विशेष आग्रह धरेन, कारण जेथे झटका मशीनची (कुंपणाच्या तारेत सौम्य झटका सोडणाऱ्या यंत्राची) देखभाल होत नाही तेथे हताश शेतकरी थेट विजेची तार लावतो आणि त्यात वाघही मरतो, माणूसही. तीस कुंपणे देणार असतील, तर बॅटरी बदलण्याचा खर्च चौथ्या वर्षी कोण करणार, हे करारातच लिहिलेले असावे.


उत्तर : मोहर्ली बाजूचा गाइड

मी ताडोबात दहा वर्षे गाइड आहे. ही चर्चा वाचून थोडी वेगळी बाजू मांडावीशी वाटली. प्रश्नकर्त्या भाऊंनी लिहिले की होकाराच्या बाजूने पर्यटनाशी जोडलेली मुले बोलली. ते खरे असेल, पण त्या मुलांकडे स्वार्थी म्हणून पाहू नये. मी बारावी झाल्यावर पुण्याला कंपनीत जाणार होतो. एका बाहेरच्या संस्थेने आमच्या गावातल्या पंधरा जणांना पक्ष्यांची, झाडांची, पावलांच्या ठशांची ओळख करून दिली, दुर्बीण हातात दिली आणि इंग्रजीत चार वाक्ये बोलायला शिकवले. आज माझे घर त्यावर चालते आणि माझी म्हातारी आई एकटी पडलेली नाही. आता आमच्यात मुलीही गाइड आहेत. पूर्वी ज्या वाघाबद्दल घरात फक्त भीती होती, त्याची ओळख आता आमच्या घरातली लहान मुले त्याच्या पट्ट्यांवरून सांगतात.

पर्यटनाचा पैसा प्रवेशद्वाराच्या आसपासच राहतो, हे मात्र मला रोज दिसते. द्वारापासून आठ-दहा किलोमीटर आत असलेल्या गावात वाघ तोच असतो, पण जिप्सी तिथून जात नाही. शिवाय गाभा क्षेत्र पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर बंद असते. त्या काळात बफरमधल्या काही फेऱ्या चालू राहिल्या, तरी उत्पन्न फार कमी होते. म्हणून चार खोल्यांसाठी कर्ज किंवा स्वतःचा हिस्सा घालावा लागणार असेल, तर तुमच्या गावाजवळचे द्वार कोणते आणि तिथे वर्षाला किती महिने पर्यटक येतात, हे आधी पाहा. खोल्या झाल्याच, तर प्रत्येक मुक्कामामागे ठरावीक रक्कम गावाच्या एका निधीत जमा व्हावी आणि ती गुरे गमावलेल्या घरांना लगेच मिळावी, असे आमच्या गावातल्या काही जणांनी सुचवले होते. आमच्याकडे ते झाले नाही, कारण तोवर खोल्या बांधून झाल्या होत्या आणि मग मालकांचे मन वळले नाही. तुमच्याकडे अजून वेळ आहे.


प्रश्नकर्ता : बफरगावकर, चिमूर तालुका

सर्वांचे मनापासून आभार. हे सर्व कागदावर काढून काल समितीच्या अध्यक्षांना आणि बचत गटाच्या दोन ताईंना वाचून दाखवले. सामूहिक वनहक्काचा आमचा दावा काही वर्षांपूर्वी दाखल झाला होता, पण नकाशा अपुरा असल्याने तो परत आला आणि नंतर कोणी त्याच्या मागे लागले नाही, हे त्या निमित्ताने मला प्रथमच समजले. आता संस्थेला आम्ही लिहिणार आहोत, की शाळेतले तास ठेवावेत, कुंपण ठेवावे, पण शिवणकाम वगळून तो निधी दाव्याचा पाठपुरावा, मोहफुलांच्या जाळ्या आणि पाणी तापवण्याचे बंब यांसाठी वळवावा, आणि खोल्यांचे काम गावनिधीची अट लेखी मान्य झाल्यावरच सुरू करावे.

बचत गटातल्या एका ताईंनी बंबाचे वाचताच सांगितले, की आमच्या पाड्यावर पाण्याची चूल स्वयंपाकाच्या चुलीपेक्षा मोठी आहे. इतकी वर्षे मी त्या अंगणांतून जातो, पण ही गोष्ट मी कधी लक्षात घेतली नव्हती. जाळ्यांबद्दल मात्र त्यांना शंका आहे. मोहाची झाडे वंशपरंपरेने घराघरांत वाटलेली आहेत, आणि चौघींनी मिळून वेचायचे म्हटले तर कोणाच्या झाडाची फुले किती, यावरून भांडणे होतील. ज्यांनी जाळ्यांचा प्रयोग प्रत्यक्ष केला आहे, त्यांनी हा वाटपाचा प्रश्न कसा सोडवला हे कृपया लिहावे.

येत्या मंगळवारी ताडोबाची सफारी बंद असल्याने जिप्सीवरची मुलेही गावात असतील. त्या दिवशी संध्याकाळी, गुरे परत आल्यावर, गुराख्यांच्या घरांजवळच्या चिंचेखाली बसायचे ठरले आहे, आणि काकूचा मुलगाही येतो म्हणाला आहे.